उठणे-बसणे : एका साध्या परीक्षेची कहाणी

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, तह येतात, सनावळ्या येतात. शाळेत हाच इतिहास शिकवला जातो, आणि तो शिकवायलाही हवा. पण माणसाच्या अगदी रोजच्या, साध्यासुध्या हालचालींनाही एक इतिहास असतो. जाणत्यांनी अशा एखाद्या हालचालीकडे केव्हा निरखून पाहिले, त्यांना त्यात काय दिसले आणि त्या दिसण्याचा लोकांना काय उपयोग झाला, याचा तो इतिहास. अशीच एक हालचाल आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. ती म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे बसल्या जागेवरून उठणे.

“हा काय विषय झाला?” असे कुणी म्हणेल. पण जरा आपल्या भाषेकडेच पाहा. ‘उठबस’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक तर साधे उठणे आणि बसणे. दुसरा अर्थ सेवेचा. पाहुण्यांची उठबस करावी लागते, आजाऱ्याची उठबस करावी लागते. म्हणजे एकाची स्वतःची उठबस थांबली की दुसऱ्याला त्याची उठबस करावी लागते. हे सत्य भाषेने एका शब्दात सांगून ठेवले आहे. आणि ज्याची उठबस पुरतीच थांबली त्याला आपण काय म्हणतो? अंथरुणाला खिळला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. “चालताबोलता न्यावं देवानं, कुणावर पडू नये,” हेच बहुतेकांचे मागणे असते. हे सारे एका छोट्या प्रश्नापाशी येऊन थांबते : कुणाचा हात न धरता उठता येते का?

मी इतिहासाचा अध्यापक, वैद्य नव्हे. म्हणून औषधपाणी सांगणार नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधताना वैद्यकाने आधी डोळा कसा वापरला, मग घड्याळ कसे हातात घेतले, आणि घड्याळाने काय दिले व काय हिरावून घेतले, एवढेच सांगणार आहे.

आधी ही क्रिया नीट पाहू. तुम्ही आत्ता खुर्चीवर बसला असाल तर पुस्तिका बाजूला ठेवून एकदा सावकाश उठून बघा. पहिल्याने तुमचे पाय नकळत मागे येतात आणि अंग पुढे झुकते. मग बैठक खुर्चीवरून सुटते. शरीराचा सारा भार आसनावरून तळपायांवर येतो तो हाच क्षण, आणि सगळ्यांत अवघडही हाच. त्यानंतर गुडघे व कंबर सरळ होऊन अंग वर जाते. शेवटी उभे राहिल्यावर तोल स्थिरावतो. अमेरिकेतील बॉस्टन येथील संशोधकांनी १९९० साली या क्रियेचे असेच चार टप्पे पाडून दाखवले. तरुण माणूस हे चारही टप्पे सेकंद-दोन सेकंदांत उरकतो, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाहीत. म्हातारपणी टप्पे सुटे सुटे दिसू लागतात. माणूस आधी सरकत सरकत खुर्चीच्या कडेला येतो, एकदोन हेलकावे घेतो, मांडीवर हात रोवतो, अर्धवट उठून पुन्हा खाली टेकतो, आणि उभा राहिला की पहिले पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबतो. मांड्यांची ताकद, सांध्यांचे दुखणे, तोल, नजर, मनातली धास्ती, सगळे या एका क्रियेत उघडे पडते.

इतके सारे डोळ्यांसमोर असताना वैद्यकाला ते दिसायला पुष्कळ काळ लागला.

हालचालीवरून दुखणे ओळखण्याची कला जुनीच आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली कंपवातावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात सहा रोगी वर्णिले आहेत, आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्यावर येताजाता पाहिलेले होते. पुढे १८७९ साली लंडनमध्येच विल्यम गॉवर्स या डॉक्टराने मुलग्यांना होणाऱ्या स्नायूंच्या एका आजारावर व्याख्यान दिले. असा मुलगा जमिनीवरून उठतो कसा? आधी तो हातापायांवर येतो, मग एक हात गुडघ्यावर ठेवतो, मग दुसरा, आणि शेवटी मांड्यांवर हात चढवत चढवत, जणू स्वतःच्याच अंगाची शिडी करून, उभा राहतो. कंबर आणि मांड्या दुबळ्या झाल्याची ही खूण. आजही जगभरचे डॉक्टर तिला गॉवर्सची खूण म्हणूनच ओळखतात. ना यंत्र, ना सुई. मुलाला जमिनीवर बसवायचे आणि “ऊठ बाळ” म्हणायचे, एवढीच परीक्षा.

त्याच सुमारास कॅमेराही हालचालीच्या मागे लागला होता. एडवर्ड मायब्रिज याने अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात माणसांची व जनावरांची हजारो क्रमवार छायाचित्रे घेतली आणि १८८७ साली ७८१ पानांचा संग्रह प्रसिद्ध केला. चालणे, धावणे, पायऱ्या चढणे, बसणे, उठणे या क्रियांचे एकेक क्षण त्यात सुटे करून मांडले होते.

पण या सगळ्यांत म्हातारी माणसे कुठे होती? जवळजवळ नव्हतीच. म्हाताऱ्याला उठता येत नाही, तर त्यात पाहायचे काय, “वय झालं, चालायचंच” अशी समजूत तिकडेही होती. हे वाक्य तुमच्याआमच्या घरातही ऐकू येते. म्हातारपणाच्या वैद्यकाला इंग्रजीत ‘जेरियाट्रिक्स’ म्हणतात. ते नावच मुळी १९०९ साली न्यूयॉर्कच्या इग्नात्झ नाशर या डॉक्टराने सुचवले. त्याआधी या शास्त्राला वेगळे नावदेखील नव्हते.

नाव मिळाले, तरी काम सुरू व्हायला आणखी पाव शतक गेले. ते केले मार्जोरी वॉरेन या बाईंनी. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या निराधारगृहाचे आजारी सोपवण्यात आले, आणि त्यांची जबाबदारी वॉरेनबाईंवर आली. ७१४ माणसे! त्यांतली कितीतरी वर्षानुवर्षे बिछान्यावर पडून होती. कुणाला काय झाले आहे याची धड तपासणी झालेली नव्हती. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासले, त्यांची वर्गवारी केली, आणि ज्यांना उठवता येईल त्यांना उठवायला सुरुवात केली. बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून पायांवर, अशी ती वाट होती. कायमचे पडून राहणार असे ज्यांच्याविषयी धरून चालले होते, त्यांतले अनेक उठले, हिंडूफिरू लागले आणि काही तर घरीही गेले. १९४३ आणि १९४६ साली त्यांनी आपले अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. म्हाताऱ्याला बिछान्यात टाकून ठेवणे हा उपचार नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

१९४७ साली रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टराने एक छोटासा पण झणझणीत लेख लिहिला. विषय होता अंथरूण धरण्याचे धोके. पडून राहिल्याने रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, सांधे आखडतात, स्नायू झिजतात, हाडे कमकुवत होतात आणि मनही खचते, हे त्याने एकामागून एक सांगितले. त्या काळी प्रत्येक आजारावर ‘विश्रांती’ हा ठरलेला उतारा होता. तेव्हा असे लिहिणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणेच होते.

आता डॉक्टर उठणाऱ्या म्हाताऱ्याकडे खरोखर पाहू लागले. बर्नार्ड आयझॅक्स हे नाव इथे घ्यावे लागते. १९६५ साली या डॉक्टरांनी म्हातारपणाचे चार राक्षस सांगितले : हालचाल थांबणे, तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे आणि बुद्धी मंद होणे. चारांपैकी पहिले दोन आपल्या विषयाचेच आहेत. पुढे आयझॅक्स इंग्लंडात बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाले, आणि १९८६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक परीक्षा प्रसिद्ध केली. तिचे नाव साधे होते : ‘उठा आणि चला’. वृद्धाने खुर्चीतून उठायचे, थोडे चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. पाहणाऱ्याने एक ते पाच यांतला आकडा द्यायचा. एक म्हणजे हालचाल अगदी व्यवस्थित, आणि पाच म्हणजे हा माणूस आता पडतो की काय अशी स्थिती. मधले आकडे पाहणाऱ्याच्या नजरेवर.

त्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी नजरेच्या या परीक्षेला अधिक शिस्त लावली. त्यांनी उठण्याबसण्याचे बारीक तुकडे केले. हात न लावता उठला तर दोन गुण, हात लावून उठला तर एक, मदतीशिवाय उठताच आले नाही तर शून्य. पहिल्याच प्रयत्नात उठला की दोनतीन प्रयत्न लागले? उभा राहिल्यावर पहिले पाच सेकंद स्थिर होता की डगमगला? आणि बसताना? खुर्चीचा अंदाज चुकून धपकन बसला की सावकाश टेकला? गावाकडच्या शाळेतला गुरुजी जसा अक्षराचे वळण, शुद्धलेखन आणि टापटीप यांना वेगवेगळे गुण देतो, तसाच हा प्रकार. टिनेटीबाईंना यातून पडझड ओळखायची होती. १९८८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आपापल्या घरी राहणाऱ्या ७५ वर्षांवरील ३३६ माणसांवर वर्षभर लक्ष ठेवले होते. त्यांतली १०८ माणसे वर्षात एकदा तरी पडली. तिघांत एक! म्हातारपणचे पडणे म्हणजे काय, हे ज्या घरात खुब्याचे हाड मोडले आहे त्या घराला सांगायला नको.

इथवर डोळ्याचे राज्य होते. पण डोळ्याची एक अडचण असते. एका परीक्षकाला जो ‘तीन’ वाटतो तो दुसऱ्याला ‘चार’ वाटतो. वक्तृत्वस्पर्धेचे परीक्षक म्हणून बसलेल्या शिक्षकांना ही अडचण चांगलीच ठाऊक असेल. तेव्हा शास्त्राने घड्याळ हातात घेतले.

१९८५ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथील दोन डॉक्टरांनी पायांची ताकद मोजायची सोपी रीत सुचवली. साध्या खुर्चीवरून दहा वेळा उठायचे आणि बसायचे, आणि किती सेकंद लागले ते मोजायचे. आपल्या तालमीतल्या बैठकांचीच ही सौम्य धाकटी बहीण म्हणा ना! १९९१ साली कॅनडात माँट्रियलला आयझॅक्स यांच्या ‘उठा आणि चला’ला घड्याळ जोडले गेले. हाताच्या खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. एक ते पाच गुण देण्याऐवजी सेकंद लिहायचे. नियम आला, वाद मिटला. आज जगभरच्या दवाखान्यांत हीच परीक्षा चालते, आणि आयझॅक्स यांची मूळची नजरेची परीक्षा मागे पडली आहे.

मग १९९४ साल आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे जॅक गुराल्निक आणि त्यांचे सहकारी यांनी ७१ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक माणसांची पाहणी मांडली. ही माणसे पूर्व बॉस्टन, न्यू हेवन आणि आयोवा राज्यातील ग्रामीण भाग इथली होती. परीक्षा त्यांच्या घरीच घेतली गेली. तोल सांभाळून उभे राहणे, थोडे अंतर चालणे, आणि दोन्ही हात छातीवर घडी करून खुर्चीवरून पाच वेळा उठणे, अशी ती तिहेरी परीक्षा होती. पाच वेळा उठायला ११.२ सेकंदांहून कमी लागले तर पूर्ण चार गुण, १६.७ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर एक. उठता आलेच नाही तर शून्य. पुढल्याच वर्षी, १९९५ साली, त्यांनी खरी गंमत सांगितली. ज्यांना आज काहीच अडचण नाही, स्वतःचे सगळे स्वतः करतात, अशा ११२२ माणसांकडे चार वर्षांनी पुन्हा पाहिले. या तिहेरी परीक्षेत ज्यांना सर्वांत कमी गुण होते, त्यांना परावलंबित्व येण्याचे प्रमाण सर्वाधिक गुणवाल्यांच्या चौपटीहून जास्त निघाले. म्हणजे माणूस स्वतः म्हणतो आहे, “मी ठणठणीत आहे,” आणि त्याची खुर्ची मात्र दुसरेच काही सांगते आहे!

घड्याळाने एवढे मोठे काम केले. वेळेआधी इशारा दिला. म्हणून ते दवाखान्यात रुजले. १९९९ साली कॅलिफोर्नियात आणखी एक रीत निघाली : तीस सेकंदांत किती वेळा पुरते उठता येते ते मोजायचे. ज्याला लागोपाठ पाच वेळा उठणे जमत नाही, त्याच्या खात्यावरही एकदोनचा आकडा पडावा, ही तिची सोय. २०१९ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी ठरवले की पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून अधिक लागले तर स्नायू दुबळे झाल्याचा संशय घ्यावा. त्याच वर्षी आशियातल्या तज्ज्ञांनी ही रेघ १२ सेकंदांवर ओढली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत १४ सेकंद धरले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक बोध दिसतो. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. माणसांनी बसून, विचार करून ठरवलेले आहेत. तेरा सेकंद लागले म्हणून कुणी आजारी ठरत नाही, आणि अकरा लागले म्हणून कुणी अमर होत नाही.

आता घड्याळाने काय हिरावले ते पाहू. समजा, एकाच आळीत दोन म्हातारे आहेत. दोघांनाही पाच वेळा उठायला चौदाच सेकंद लागतात. पहिला सावकाश, एका लयीत उठतो, बसताना अलगद टेकतो, उभा राहिला की स्थिर असतो. दुसरा हिसका देऊन अंग पुढे फेकतो, उठल्यावर पाय मागच्यामागे खुर्चीला टेकवून तोल सावरतो आणि बसताना स्वतःला खाली सोडून देतो. घड्याळ म्हणते, दोघे सारखे. तुमचा डोळा म्हणतो, दुसरा एक दिवस न्हाणीघरात पडणार. खरे कोण? इथे घड्याळापेक्षा डोळ्याला जास्त दिसले.

कंपवाताच्या वैद्यांनी ही नजर कधी सोडली नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनपद्धतीत ‘खुर्चीवरून उठणे’ हे एक कलमच आहे आणि त्यात घड्याळ नाही. नीट उठला तर शून्य. हळू उठला किंवा पुन्हा प्रयत्न करावा लागला तर एक. खुर्चीच्या हातांना रेटा देऊन उठला तर दोन. मागे कलंडू लागला, पण शेवटी आपला आपण उठला तर तीन. मदतीशिवाय उठताच आले नाही तर चार. पाच ओळींत एका आजाराची सारी चढण उभी केली आहे.

इथपर्यंतची गोष्ट खुर्चीची झाली. पण तुम्ही म्हणाल, “खुर्चीचं राहू द्या हो, आमच्याकडे म्हातारी माणसं जमिनीवर बसतात.” खरे आहे. आपल्याकडे जेवायला पाटावर, देवापुढे आसनावर, भजनाला सतरंजीवर, निवडायला-टिपायला ओसरीवर बसण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. खुर्ची आपल्या घरात मागाहून आली. जमिनीवरून उठणे खुर्चीवरून उठण्याहून पुष्कळ कठीण, कारण आसन जितके खाली तितका गुडघ्यांवर भार जास्त. जमिनीची ही परीक्षा शास्त्राने घेतली ती ब्राझील देशात. रिओ दि जानेरो येथील डॉक्टर क्लाउडिओ जिल अराउजो यांनी १९९९ साली ती प्रसिद्ध केली. बसायला पाच गुण आणि उठायला पाच, असे दहा. हात टेकला, एक गुण गेला. गुडघा टेकला, आणखी एक गेला. मांडीवर हात ठेवून रेटा दिला तरी एक गेलाच. तोल जरा डगमगला, तर अर्धा. घाई करायची नाही, घड्याळ नाहीच. फक्त उठण्याची तऱ्हा पाहायची.

२०१२ साली त्यांनी ५१ ते ८० वर्षांच्या २००२ माणसांचे निष्कर्ष सांगितले. काही वर्षांच्या काळात, ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. यावर काही लोकांनी लगेच गवगवा केला की जमिनीवरून उठता आले नाही म्हणजे आयुष्य संपले. तसा अर्थ मुळीच काढू नये. धूर दिसला म्हणजे आग असण्याची शक्यता असते. धुराने घर जळत नाही. ज्याचे गुडघे झिजले आहेत त्याला हात टेकावाच लागतो, आणि तरी तो दीर्घायुषी होऊ शकतो. पण मांडी घालून बसणाऱ्या आपल्या समाजाला ही परीक्षा शिकवायला लागत नाही. पंगतीतून उठणाऱ्या आजोबांकडे पाहिले की ती झालीच.

अलीकडे हे चक्र आणखी एकदा फिरले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली सुमारे चारशे माणसांचा अभ्यास मांडला. या माणसांनी आपापल्या घरी मोबाइल फोनवर स्वतःच्या उठण्याबसण्याचे चित्रण केले होते. संगणकाने त्यातून किती सेकंद लागले हे तर मोजलेच, पण अंग पुढे किती झुकले तेही मोजले. आणि या झुकण्याचा सांधे झिजण्याच्या आजाराशी संबंध दिसून आला. मायब्रिजच्या कॅमेऱ्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, ‘किती वेळात’ याच्या शेजारी ‘कसे’ हा प्रश्न पुन्हा येऊन बसला.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. परीक्षेत कमी गुण मिळाले तर पुढे काय? वाढवता येतात का? वॉरेनबाईंचे उत्तर आपण ऐकलेच. त्याला आकड्यांची जोड मिळाली १९९० साली. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रम-रुग्णालयात मारिया फियातारोने या डॉक्टर बाईंनी सरासरी नव्वदीच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला, अर्थात देखरेखीखाली. नव्वदाव्या वर्षी व्यायाम! लोकांना वेडेपणा वाटावा असे हे काम. पण ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी चालताना काठी घेणे सोडले. म्हातारा स्नायूसुद्धा शिकवला तर शिकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात एखादी गोष्ट सांगायची तर लोक आजही तुमच्या तोंडाकडे पाहतात, म्हणून तुम्हांला दोन शब्द. ही परीक्षा घरी पाहता येते. बिनहाताची, साधारण दीड फूट उंचीची पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर घडी करून वडीलधाऱ्यांना एकदा उठायला सांगावे, आणि शेजारी एकाने सावध उभे राहावे. जमले तर पाच वेळा. छातीत दुखते, चक्कर येते असे म्हणणाऱ्यावर ही जबरदस्ती करू नये. सेकंद मोजाच, पण सेकंदांबरोबर पाच गोष्टी पाहा. हात लागला का? किती प्रयत्न लागले? एका पायावरच सारा भार गेला का? उभे राहिल्यावर डगमगले का? बसताना सोडून दिले का? आणि मुख्य म्हणजे गेल्या दिवाळीला कसे उठत होते आणि आज कसे उठतात, हा फरक पाहा. बाहेरच्या डॉक्टराकडे घड्याळ असेल, पण ही जुनी आठवण त्याच्याकडे नसते. ती घरच्यांकडेच असते. उठणे एकाएकी बिघडले असेल तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा आणि नेमके काय बदलले ते सांगा.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे मायेची माणसे पुष्कळ. आजी जरा हलली की सून म्हणते, “तुम्ही उठू नका हो, मी आणते.” नातू काखेत हात घालून आजोबांना अलगद उचलतो. यात प्रेम आहे, आणि कधी कधी घाईही आहे, कारण म्हाताऱ्याच्या गतीने थांबायला आपल्याला वेळ नसतो. पण दिवसातून दहा वेळा जे उठणे व्हायचे ते आपण असे पुसून टाकतो, आणि ॲशरने बिछान्याविषयी जे सांगितले ते हळूहळू खुर्चीतही घडू लागते. जिथे पडायची भीती आहे तिथे आधार द्यावाच. न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवावी, बाज फार खाली असेल तर उंच करावी. पण जे त्यांचे त्यांना येते, ते त्यांना करू द्यावे.

दोनशे वर्षांत मोठमोठ्या विद्वानांनी उठणाऱ्या माणसाकडे पाहिले, त्याला गुण दिले, सेकंद मोजले, चित्रे काढली. त्यांच्या खटाटोपातून तुमच्याआमच्या हाती येते ते एवढेच : पुढच्या वेळी घरातले वडील माणूस उठू लागेल तेव्हा लगेच हात पुढे करू नका. जवळ उभे राहा आणि दोन क्षण नीट पाहा. लागला तर हात आहेच.